घरच्या घरी लाकडी कयाक बांधायची तर: कोकणच्या हवेत केलेल्या दोन होड्यांचा अनुभव

माझी पहिली कयाक (एकट्याने बसून वल्हवायची अरुंद होडी) पुरी व्हायला मधला पावसाळा धरून 13 महिने लागले. दुसरी नोव्हेंबरात सुरू केली आणि मार्चमध्ये ती खाडीत तरंगत होती. मधल्या काळात मी काही सुतारकाम शिकलो नाही. करवत आणि रंधा जेवढा येत होता तेवढाच येतो. फरक पडला तो कामाचा क्रम कळल्यामुळे आणि आपली हवा कळल्यामुळे. कयाक बांधण्याची जी माहिती मिळते ती बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते. त्यांची कार्यशाळा 20 अंशांवर असते, माझी पडवी मार्चमध्येच 34 वर जाते. त्यांचं लाकूड कोरडं असतं, आपल्याकडे ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्यामुळे हा लेख कोकणातल्या, किंवा तशाच दमट गावातल्या माणसासाठी आहे. पुण्या-नाशिककडच्या वाचकांना हवेचं थोडं सोपं जाईल, बाकी सगळं तेच.

1. आधी स्वतःला मोजा, मग जागा मोजा

कयाक मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. ग्रीनलँडमध्ये ती बांधणाऱ्याच्या अंगावरून मापून होत असे: लांबी साधारण तीन वाव, रुंदी कंबरेपेक्षा दोन मुठी जास्त. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर. आपल्याकडचे मच्छीमार दोर आणि पाण्याची खोली आजही वावेत सांगतात, त्यामुळे हे माप आपल्याला परकं नाही.

तुमच्या पहिल्या होडीसाठी ते माप जसंच्या तसं घेऊ नका. तसली अरुंद कयाक नवख्याला क्षणात उलटवते. पण कल्पना घ्या. जमिनीवर पाय लांब करून बसा, नितंबांची रुंदी मोजा, मांड्यांची उंची मोजा, पाठीपासून तळपायापर्यंतचं अंतर मोजा, आणि वजन नीट करून लिहून ठेवा. नकाशा निवडताना हे चार आकडे लागतात. मी 78 किलोचा आहे. शांत पाण्यासाठी मला 14 फूट लांब आणि 25 इंच रुंद कयाक योग्य ठरली.

मग जागा. 14 फुटांच्या होडीला दोन्ही टोकांना माणूस वळेल एवढी जागा धरून किमान 18 फूट लागतात. छप्पर हवं, ऊन थेट यायला नको, आणि तयार होडी बाहेर निघायला हवी. जिन्याचं वळण आणि दाराची चौकट आजच मोजा. इमारतीत राहत असाल तर 14 फुटांचा बांबू घेऊन सगळा रस्ता एकदा चालून बघा. हा बांबू जिथे अडेल तिथे होडीही अडेल.

2. नकाशा: विकत घ्या, आणि त्यात सुधारणा करू नका

लाकडी कयाक बांधण्याच्या तीन पद्धती आहेत. सांगाडा करून त्यावर कापड ताणायचं, अरुंद पट्ट्या एकाला एक चिकटवत जायच्या, किंवा प्लायचे तुकडे तारेने शिवून सांधे इपॉक्सीने, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवल्यावर कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने, भरायचे. नवख्याने तिसरी घ्यावी. पट्ट्यांची होडी दिसायला फार सुंदर होते, पण तिच्या साच्यावरच दीड-दोन महिने जातात.

शिवण्याची ही पद्धत 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये रूढ झाली. त्याच दशकात आलेल्या 'मिरर' या छोट्या शिडाच्या होडीमुळे ती घरोघर पोचली. तेव्हा सांधे पॉलिएस्टर रेझिनने भरत, आता इपॉक्सी वापरतात. होड्या शिवण्याची कला मात्र आपल्या किनाऱ्याला फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं आणि 2025 साली कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' हे जहाज फळ्या काथ्याच्या दोराने शिवूनच केलेलं आहे. त्यात दोर कायम राहतो. आपल्या कामात तार फक्त इपॉक्सी घट्ट होईपर्यंत लागते.

नकाशा अनुभवी रचनाकाराचाच घ्या, फुकटचा असला तरी तो बांधून झालेला आणि पाण्यात चाललेला असावा. "थोडी लांब करू, थोडी रुंद करू" हा मोह टाळा. एक तुकडा बदलला की शेजारचे सगळे बदलावे लागतात.

आणि एक काम जरूर करा. नकाशा 10 पट लहान करून जाड कार्डपेपरवर काढा, कापा, सेलोटेपने जोडा. हातभर लांबीची होडी एका दुपारी तयार होते. सपाट कागदाचे तुकडे काठाला काठ लावले की कसे आपोआप वळतात आणि होडीचं पोट कसं तयार होतं, हे हातात धरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. माझी ती कागदी होडी अजून देवळीत ठेवलेली आहे.

3. सामान

14 फुटांच्या एका कयाकसाठी मला लागलेलं सामान:

- 4 मिमी मरीन प्लाय, 8 बाय 4 फुटांचे 3 शीट
- इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिळून 8 किलो
- विणलेलं ग्लास कापड (काचेच्या धाग्यांचं), 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम), 10 मीटर, आणि 3 इंची ग्लास टेप एक रीळ
- 1 मिमी जाडीची नरम तांब्याची तार, अर्धा किलो
- काठाच्या आतल्या पट्ट्यांसाठी गाठी नसलेलं सरळ रेषांचं लाकूड
- एरोसिल (इपॉक्सी घट्ट करायची हलकी पूड) अर्धा किलो, आणि लाकडाचं पीठ (याविषयी पुढे)
- नायट्राइलचे हातमोजे 100 नगांचा डबा, धुळीचा चांगला मास्क, गॉगल
- 2 लिटर यूव्ही संरक्षण असलेलं पॉलियुरेथेन व्हार्निश किंवा रंग

हत्यारं: जिगसॉ आणि बारीक दातांची पाती, लहान रंधा, ड्रिल आणि दीड मिमीची पिनं, ऑर्बिटल सँडर, पक्कड आणि कटर, ग्रॅमचा अचूक आकडा दाखवणारा वजनकाटा, गुण्या, आणि जमतील तेवढे क्लॅम्प. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. चार इंची पीव्हीसी पाइपच्या दोन इंची कड्या कापा आणि प्रत्येक कडी एका जागी चिरा. काठपट्टी धरायला त्या उत्तम चालतात आणि शंभर कड्या एका पाइपात होतात.

खरेदीत तीन फसगती आहेत.

पहिली प्लायची. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणतो, त्यावर जाऊ नका. शीटवर आयएस 710 असा शिक्का हवा, तो मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक. आयएस 303 म्हणजे फर्निचरचं प्लाय. शिक्का असूनही मी एक कोपरा मागून घेतो आणि न्हाणीच्या चुलीवरच्या हंड्यात तळहाताएवढा तुकडा दिवसभर उकळतो. पहिल्या होडीच्या वेळी एका दुकानातून आणलेल्या प्लायचे पदर दुपारपर्यंत वहीच्या पानांसारखे सुटे झाले. तीन शीट परत न्यावे लागले, पण होडी वाचली. तुकड्याची कडही निरखा. आतल्या पदरात पोकळी दिसली तर ते शीट नको. परदेशी नकाशांत ओकुमे लाकडाचं हलकं प्लाय धरलेलं असतं. आपलं मरीन प्लाय बरंच जड असतं, म्हणून नकाशात दिलेल्या वजनात चार-पाच किलो मिळवा. माझी दुसरी कयाक 26 किलोची झाली.

दुसरी रेझिनची. फायबरच्या दुकानात 'रेझिन' मागितलं की सर्वसाधारणपणे पॉलिएस्टर देतात. ते स्वस्त असतं आणि सोबत कोबाल्ट आणि कॅटॅलिस्टच्या बाटल्या येतात. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत साल सुटल्यासारखं सुटतं. तुम्हाला इपॉक्सी हवं. त्यातही स्लो हार्डनर आहे का विचारा. आपल्या उन्हाळ्यात तोच उपयोगी.

तिसरी कापडाची. तुकड्या-तुकड्यांची मॅट घेऊ नका. तिच्यातला चिकटा इपॉक्सीत विरघळत नाही आणि ती पांढरीच राहते. विणलेलं कापड घ्या, आणि दुकानात घडी घालू देऊ नका. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून आणा, कारण घडीची रेघ होडीवर शेवटपर्यंत दिसते.

4. आखणी आणि कापणी

नकाशात दर फुटावर काठ मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर हे दिलेलं असतं. तेवढ्या खुणा प्लायवर करा, प्रत्येक खुणेवर बारीक खिळा ठोका आणि खिळ्यांना टेकवून एक लवचीक पट्टी वाकवा. मी इलेक्ट्रिकची पीव्हीसी केसिंग पट्टी वापरली. पट्टी लावून झाली की डोळा शीटच्या पातळीला आणून टोकाकडून पाहा. एखादा खिळा रेषेतून बाहेर पडलेला लगेच दिसतो. अशा ठिकाणी आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा, बहुधा खूण करताना चूक झालेली असते.

डावा-उजवा तुकडा कधीही वेगवेगळा आखू नका. दोन शीट एकावर एक घट्ट धरून एकदमच कापा. रेषेच्या 2 मिमी बाहेरून जिगसॉ चालवा आणि मग दोन्ही तुकडे एकत्र धरून रंध्याने रेषेवर आणा. दोन बाजू एकसारख्या नसतील तर होडी जन्मभर एका बाजूला वळत राहते.

5. तिरका जोड

शीट 8 फुटांचं आणि होडी 14 फुटांची, म्हणजे जोड आलाच. तुकडे कापण्याआधी जोडायचे की नंतर ते नकाशात सांगितलेलं असतं. मी आधी कापतो. काठाला काठ लावून मागे पट्टी मारण्यापेक्षा तिरका जोड शिका. एक दिवस जातो, पण होडी तिथे गुळगुळीत वळते.

जाडीच्या आठपट लांब उतार हवा, म्हणजे 4 मिमीला 32 मिमी. जोडायचे चारही तुकडे एकावर एक ठेवा, प्रत्येक तुकडा खालच्यापेक्षा 32 मिमी मागे, म्हणजे कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या होतील. मग सगळा जिना एकाच उतारात रंधून काढा. प्लायचे पदर इथे तुमचा गुण्या होतात: रंधताना आडव्या पदरांचे फिकट-गडद पट्टे दिसायला लागतात. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर आहे. पट्टा एका बाजूला फाकत असेल तर तिथे जास्त घासलं गेलंय. पाती मात्र धारदार हवी. प्लायमधला गोंद धार फार लवकर खातो, मला दर जिन्याला दोनदा धार लावावी लागली.

चिकटवताना आधी दोन्ही उतारांवर नुसतं इपॉक्सी लावा, दहा-पंधरा मिनिटं लाकडाला पिऊ द्या, मग एरोसिल घालून घट्ट केलेलं लावून जोडा. खाली-वर प्लास्टिकचा कागद, त्यावर फळी, आणि बेताचा दाब. जोर लावून आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि जोड उपाशी राहतो.

6. टाके

काठापासून 10 मिमी आत, दर 4 ते 6 इंचांवर दीड मिमीची छिद्रं पाडा. टोकांकडे जिथे प्लाय जास्त वळतो तिथे दर 2 इंचांवर. तळाचे दोन तुकडे पुस्तकासारखे मिटून मध्यरेषेवर आधी शिवा, मग उघडा. होडीचा आकार तिथेच दिसायला लागतो. पडवीत त्या संध्याकाळी शेजारपाजारची सगळी मुलं जमली होती.

तारेची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि पक्कडीने पिळण्याआधी ओढून घ्या. पिळण्याने तार घट्ट होते, ओढण्याने तुकडे जवळ येतात. नुसतं पिळत राहिलात तर तार तुटते नाहीतर प्लाय चिरतं. पहिल्या फेरीत सगळे टाके सैल ठेवा, मग मधून टोकांकडे जात हळूहळू आवळा. आत तात्पुरत्या आडव्या फळ्या, म्हणजे साचे, बसवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, पीळ. होडीवर आडव्या दोन सरळ पट्ट्या ठेवा, एक पुढे, एक मागे. टोकाशी उकिडवे बसा आणि एक डोळा मिटून बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींशी समांतर दिसायला हव्यात. एकीचा डावा कोपरा वर दिसला तर होडीला पीळ आहे. या घडीला तो दोन टाके सैल करून आणि एका बाजूखाली पाचर देऊन जातो. इपॉक्सी घातल्यावर तो कशानेच जात नाही. पाणलेव्हलनेही एकदा तपासा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा.

7. इपॉक्सी आणि आपली हवा

माझ्या पहिल्या होडीचे सात महिने इथे गेले, म्हणून सावकाश लिहितो.

*प्रमाण.* रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, ते वजनाचं आहे की मापाचं ते आधी वाचा. काट्यावर तोला, अंदाजाने ओतू नका. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर जास्त घालणं ही पॉलिएस्टरवाल्यांची सवय आहे. इपॉक्सीत तसं केलं तर ते कायमचं मऊ राहतं. दोन मिनिटं पूर्ण ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत.

*उष्णता.* इपॉक्सी जुळताना, म्हणजे कडक होताना, स्वतः तापतं, आणि भांड्यात साठून राहिलं तर ही उष्णता त्यालाच आणखी तापवते. ढोबळ हिशेब असा की हवा 10 अंशांनी तापली की हाताशी असलेला वेळ निम्मा होतो. एप्रिलच्या दुपारी मी प्लास्टिकच्या मगमध्ये 400 ग्रॅम एकदम कालवलं. दहाव्या मिनिटाला मग हाताला चटका देऊ लागला, मग वाकला, मग त्यातून पांढरा धूर आला. असं झालं तर भांडं लांब धरून अंगणात मातीवर ठेवा, धूर हुंगू नका आणि थंड होईपर्यंत जवळ जाऊ नका. एका वेळी 100 ते 150 ग्रॅमच कालवा आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता. पातळ थर तापत नाही.

*दमटपणा.* पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट, चिकट साय धरते. ती हार्डनरची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी झालेली प्रक्रिया. तिच्यावर दुसरा थर दिला तर तो सोलून निघतो, घासली तर पॉलिश पेपर चिकटून बसतो. उपाय साधा आहे: स्वच्छ पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी. धुवा, पुसा, वाळू द्या, मग घासा. मी ही साय थिनरने पुसत राहिलो, ती पसरत राहिली. शेवटी तळाचा सगळा थर खरवडून काढावा लागला. जून ते सप्टेंबर इपॉक्सीचं काम करूच नका. त्या चार महिन्यांत वल्हं घडवा, नकाशे वाचा.

*अंग.* इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू तयार होते आणि एकदा झाली की जन्माची. पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला. हाताला लागलं तर साबण-पाण्याने धुवा, थिनर किंवा ॲसिटोनने मुळीच नाही. पुरतं न जुळलेलं इपॉक्सी घासताना उडणारी धूळही तितकीच वाईट, मास्क हवाच.

आता प्रत्यक्ष काम. घट्ट करायला एरोसिल आणि सँडरच्या पिशवीत जमणारं लाकडाचं पीठ वापरा. करवतीचा भुसा नको, तो जाड असतो. जोड चिकटवायला काकवीसारखं हवं आणि सांध्यात भरायला चक्क्याच्या श्रीखंडासारखं: चमचा उलटा केला तर पडता कामा नये. आधी दोन टाक्यांच्या मध्ये छोटे-छोटे थेंब घाला आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा कापून काढा. एखादी अडकली तर सोल्डरिंगची इस्त्री तिला टेकवा, तापली की सरकते. मग सबंध सांध्यात आतून श्रीखंड भरा आणि गोल टोकाच्या चमच्याने एका दमात ओढत न्या. ते ओलं असतानाच वर ग्लास टेप बसवा आणि ब्रशने इपॉक्सी पाजा.

8. बाहेरून कापड

होडी पालथी करा. बाहेरच्या कडा रंध्याने आणि पॉलिश पेपरने गोल करा, कापड तीक्ष्ण कोपऱ्यावर बसत नाही. आपल्याकडच्या 4 मिमी प्लायचा वरचा पदर कागदासारखा पातळ असतो, म्हणून 60 नंबरचा पेपर सँडरला लावू नका. मी लावला आणि तळाला दोन ठिकाणी खालचा आडवा पदर उघडा पडला. 120 पुरतो.

हे काम दुपारी चारनंतर सुरू करा. लाकडात हवा असते. सकाळी ते तापत जातं तशी ही हवा बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत हजारो बारीक फुगे उठतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, तेव्हा ते इपॉक्सी आत ओढून घेतं.

कापड कोरडंच होडीवर पसरा, हाताने कुरवाळत सुरकुत्या टोकांकडे न्या. मग मधोमध इपॉक्सी ओता आणि प्लास्टिकच्या पट्टीने बाहेरच्या दिशेने पसरवत जा. पांढरं कापड बघता बघता दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड मधासारखं उजळून वर येतं. सबंध कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. कुठे पांढुरकं राहिलं तर इपॉक्सी कमी पडलंय, कुठे चकचकीत डबकं दिसलं तर जास्त झालंय, पट्टीने ओढून घ्या. विणीचा पोत हाताला लागायला हवा. तो पुढच्या दोन थरांत भरतो. दुसरा थर कधी द्यायचा? नख रुतेल पण बोट चिकटणार नाही अशा वेळी. तेव्हा घासावंही लागत नाही.

9. डेक आणि बैठक

आतल्या बाजूला वरच्या काठाला लाकडी पट्टी चिकटवा, डेक, म्हणजे होडीचं वरचं आच्छादन, तिच्यावर बसतो. डेक लावण्याआधी होडीत आडव्या दोन बंद भिंती घाला, एक पायांच्या पुढे, एक पाठीमागे. त्यांच्यामुळे पुढे-मागे हवाबंद कप्पे होतात आणि होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही. भिंतीला 2 मिमीचं एक छिद्र ठेवा. उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट हवी, नाहीतर सांधे उकलतात.

डेक बसवायच्या आदल्या दिवशी आतून सगळीकडे इपॉक्सीचा थर द्या. नंतर तिथे हात पोचत नाही. वाकवताना ट्रकवाल्यांचे रॅचेट पट्टे आठ-दहा मागून आणा. बैठकीची कड प्लायच्या कड्या एकावर एक चिकटवून करा. त्यात बसून बघितल्याशिवाय भोक कापू नका: गुडघे वाकवून चटकन बाहेर पडता आलं पाहिजे. बसायला फोमचा तुकडा पुरतो.

10. रंग

उघड्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही. काही महिन्यांत ते पिवळं पडतं आणि भुकटी होतं. यूव्ही व्हार्निशचे किमान चार हात द्या, किंवा सरळ रंग. तळाला मी पांढरा रंग दिला आणि डेकला व्हार्निश. गडद रंग देऊ नका, उन्हात तापून आतलं इपॉक्सी मऊ पडतं. व्हार्निशआधी पुन्हा एकदा पाण्याने धुवायला विसरू नका.

वल्हं: पाच-सहा इंच रुंद, दीड इंच जाड अशा एकाच सरळ फळीतून ग्रीनलँड पद्धतीचं अरुंद पात्यांचं वल्हं निघतं. लांबी एक वाव आणि एक हात. मी शिवण या झाडाचं लाकूड घेतलं, हलकं असतं आणि पीळ खात नाही.

11. पाण्यात उतरण्याआधी

धरणात किंवा तलावात उतरायचं असेल तर जलसंपदा विभागाच्या तिथल्या कार्यालयात जाऊन विचारा, पुष्कळ जलाशयांत होडी घालायला बंदी असते. खाडीत किंवा समुद्रात जायचं तर मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आणि गावच्या मच्छीमार सोसायटीत. जाताना एवढं सोबत ठेवा:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- होडीचे दोन फोटो, लांबी-रुंदी आणि वजन लिहिलेला कागद
- सामानाची बिलं (होडी तुमचीच आहे याला हाच पुरावा)
- एक साधा अर्ज, ज्यात कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या वेळी जाणार ते लिहिलेलं

अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. मच्छीमारांशी बोलणं कागदाइतकंच महत्त्वाचं. जाळी कुठे लावलेली असतात, पाणी कुठे ओढतं, हे तेच सांगतील. आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, त्या कुठल्या कडेला ऊन खातात हेही मला एका तांडेलकाकांनीच दाखवलं.

भरतीचा जुना हिशेब पाठ करा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला सुमारे 3, अष्टमीला 6. हा मुंबईकडच्या उघड्या किनाऱ्याचा ढोबळ हिशेब, खाडीत आत जाल तसा उशीर होतो. पहिल्या खेपा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या, पाण्यात करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ फार असते. निघताना प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणीच घरी आणतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे कयाक नेऊ नका.

लाइफ जॅकेट घालूनच बसायचं, ठेवून नाही. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी एक पोहणारा उभा करून, होडी मुद्दाम उलटवा आणि बाहेर या. दहा वेळा करा. हा सराव शेततळ्यात करू नका. तिथला प्लास्टिकचा कागद शेवाळलेला असतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही.

परत आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवा, कप्प्यांना झाकणं ठेवली असतील तर ती उघडी टाका आणि तळावर हात फिरवा. कालवांच्या खडकाने ओरखडा पडला असेल आणि त्यातून लाकूड दिसत असेल तर ते पूर्ण वाळू द्या, मगच इपॉक्सी लावा, नाहीतर ओल आत कोंडली जाते. जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. पडवीच्या वाशांना दोन रुंद पट्टे बांधा, टोकांपासून साधारण पाव-पाव लांबीवर, आणि होडी त्यांत पालथी टांगा.